इस्रायलच्या बाजूनं उभं राहायचंय? सुरुवात समोरच्या दारापासून करा

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरातून एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

‘मी अमेरिकन नागरिक आहे, पत्नी ग्रीन कार्डवर, भाचा एच-१बीवर आणि आमच्याकडेच राहतो. मी रिपब्लिकन पक्षाला मत देतो. ७ ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायलसाठी काहीतरी करावं असं वाटतं, पण टीव्हीसमोर हळहळण्यापलीकडे काही घडलं नाही. वर्षाला २,००० डॉलर बाजूला काढू शकतो, ते कुठे द्यावेत? भाचा म्हणतो, मीही निवडणुकीसाठी देतो. चालेल का? समोरच्या घरात ज्यू कुटुंब आहे, त्यांच्याशी कसं बोलावं? गणपतीला बोलवावं का? मुलगी कॉलेजात आहे, तिच्या ज्यू मैत्रिणीला तिथे त्रास होतोय. आणि आमच्याच पक्षातले मित्र विचारतात की अमेरिकेचा पैसा इस्रायलला कशाला? काय उत्तर द्यावं?’

आधी भाच्याचं बोलू, कारण तुमच्या पत्रात कायद्याचा फास बसू शकेल अशी तीच एक जागा आहे. एच-१बीवरच्या माणसाला अमेरिकेतल्या कोणत्याही निवडणुकीसाठी एक डॉलरही देता येत नाही. राष्ट्राध्यक्षपदापासून शाळा मंडळापर्यंत, सगळीकडे बंदी आहे. उमेदवाराला नाही, पक्षाला नाही, पॅकला (निवडणुकीसाठी पैसा जमवणाऱ्या समितीला) नाही. ‘मामा, माझे ५०० तुमच्या नावानं भरा’ हा मार्ग तर त्याहून वाईट, कारण दुसऱ्याच्या नावानं देणगी देणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्यात तुम्हीही अडकता. पगार न घेता फोन करणं, दारोदार पत्रकं वाटणं त्याला चालतं. मात्र देणगी कुणाला द्यायची, पैसा कुठे खर्चायचा असल्या निर्णयात त्यानं बसायचं नाही. धर्मादाय संस्थेला तो हवं तेवढं देऊ शकतो.

तुमच्या पत्नी देणगी देऊ शकतात, कारण ग्रीन कार्डवाल्यांना ती बंदी नाही. मतदान मात्र करू शकत नाहीत. वाहन परवान्याच्या अर्जावर मतदार नोंदणीचा रकाना असतो, तिथे घाईघाईत खूण होते आणि पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत ती निघते. तो रकाना दोनदा वाचायला सांगा. २०२५-२६ च्या फेरीत एका व्यक्तीला एका उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीमागे ३,५०० डॉलरची मर्यादा आहे. प्राथमिक आणि मुख्य निवडणूक वेगळी मोजतात. एकूण देणगी २०० डॉलरच्या वर गेली की नाव, व्यवसाय आणि नोकरी देणाऱ्याचं नाव जाहीर नोंदीत येतं. ऑफिसात ते कुणी वाचलं तर चालणार आहे ना, हा विचार आधी करा.

आता समोरचं घर. खरं काम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमचे शेजारी ज्यू आहेत, इस्रायलचे राजदूत नाहीत. नेतान्याहूंबद्दल त्यांना काय वाटतं, ते कुणाला मत देतात, हे विचारायला जाऊ नका. अमेरिकेतले बहुसंख्य ज्यू डेमोक्रॅटिक पक्षाला मत देत आले आहेत. त्यांच्या सुरक्षिततेची तुम्हाला वाटणारी काळजी त्यांच्या मतपत्रिकेवर अवलंबून असेल, तर ती काळजी नव्हे, सौदा झाला. जॉर्ज वॉशिंग्टननं १७९० मध्ये न्यूपोर्टच्या ज्यू मंडळींना लिहिलेल्या पत्रात हे आश्वासन दिलं होतं की या देशाचं सरकार द्वेषाला थारा देणार नाही, आणि प्रत्येकजण आपापल्या द्राक्षवेलीखाली निर्धास्त बसेल. अमेरिकन कंझर्व्हेटिव्ह परंपरेला जे जपायचं आहे त्यात हे पत्र फार वर येतं, आणि त्यात कुठलीही अट नाही.

बोलायची वाक्यं साधी ठेवा. ‘बातम्या वाचून तुमची आठवण आली. तुम्हाला किंवा तुमच्या सिनेगॉगला काही मदत लागली तर आम्ही समोरच आहोत.’ बस. (सिनेगॉग म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ.) मग गप्प राहा आणि ते काय म्हणतात ते ऐका. ‘भारतात ज्यूंना कधीच त्रास झाला नाही’ हे वाक्य आपल्याकडचे लोक अभिमानानं टाकतात. भारतीय समाजानं ज्यूंचा छळ केला नाही, हे खरंच आहे. पण २६ नोव्हेंबर २००८ ला सुरू झालेल्या हल्ल्यात मुंबईच्या नरिमन हाउसमध्ये, ब्रुकलिनमध्ये वाढलेले रब्बी (ज्यू धर्मगुरू) गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांच्यासह सहाजण मारले गेले, आणि समोरच्या माणसाला ते नक्की आठवत असतं. दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. लहानग्या मोशेला उचलून बाहेर धावलेल्या सँड्रा सॅम्युएल या दाईचंही नाव घ्या.

तुमच्याकडे सांगण्यासारखं आणखी एक आहे, जे टेक्सासमधल्या फारच थोड्या लोकांकडे असेल. कोकणातले बेने इस्रायली. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आलेले, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेलेले, रोहेकर-पेणकर-नवगावकर अशी आडनावं लावणारे. आजही दिमोना, अश्दोद, लोद, रामला इथे मराठी बोलणारी घरं आहेत आणि इस्रायलमधून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे. पोहे, खोबरं, साखर आणि फळं घालून ते एलियाहू हनबींचा (प्रेषित एलियाच्या नावाचा) मलिदा करतात, हे ऐकून अमेरिकेत वाढलेला ज्यू माणूस थक्क होतो. तुम्ही मराठी आहात, त्यामुळे ही ओळख तुमच्या तोंडून आली की ती उसनी वाटत नाही.

खाऊ द्यायचा असेल तर मात्र सावध राहा. ‘शाकाहारी म्हणजे कोशर’, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांत बसणारं, हा आपल्या लोकांचा हमखास गैरसमज. कोशर पाळणाऱ्या घरात तुमच्या स्वयंपाकघरातलं काहीच चालणार नाही, कारण भांडी कोशर नाहीत. चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असू शकतं, पालक-मेथीतले बारीक किडे हा त्यांच्याकडे गंभीर विषय असतो, द्राक्षाच्या रसाचे आणि वाइनचे नियम वेगळेच. शिवाय दुधाचं आणि मांसाचं एकत्र चालत नाही, म्हणजे तुपातला लाडू मांसाहारी जेवणानंतर कुणी खाणार नाही. सरळ मार्ग असा की बंद पाकीट घ्या आणि त्यावर वर्तुळातलं ‘यू’, तारा आणि ‘के’ किंवा तत्सम प्रमाणपत्राची खूण आहे का पाहा. खुणेशेजारी ‘डी’ असेल तर दुग्धजन्य. ताजी, न कापलेली फळं जवळजवळ सगळ्यांना चालतात, पण त्यात एक मेख आहे. इस्रायलमध्ये पिकलेल्या फळांना दशमांश काढण्याचा नियम लागू होतो, म्हणून प्रेमानं शोधून आणलेली इस्रायली फळं प्रमाणपत्राशिवाय देऊ नका. वाइन नेणार असाल तर ‘मेवुशाल’ लिहिलेली, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया झालेली घ्या. ज्यू नसलेल्या माणसानं तिचं बूच उघडलं किंवा ती ओतली तरी ती बाद होत नाही. पासओव्हर या सणाच्या आठ दिवसांत खाण्याचं काही नेऊच नका. आपल्या डब्यातल्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं आणि त्या दिवसांत गव्हाचा कणही घरात चालत नाही.

शुक्रवारी सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी मेणबत्त्या लागतात आणि शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो. त्या वेळात फोन करू नका, दाराची बेल वाजवू नका, ‘जरा पटकन मेसेजला उत्तर द्या’ म्हणू नका. फुलं द्यायची तर शुक्रवारी दुपारीच, फुलदाणीत पाणी घालून द्या, म्हणजे त्यांना काही करावं लागत नाही. घरी मृत्यू झाला असेल तर फुलं अजिबात नकोत. सात दिवस ‘शिवा’, म्हणजे त्यांचं सुतक, असतो, दार बहुधा उघडंच असतं. आत जाऊन बसायचं, दुःखातला माणूस बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. कोशर जेवण ओळखीच्या कोशर दुकानातून पाठवता येतं. सुतकाच्या घरी शेजारून पिठलं-भात जातो त्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

गणपतीचं मात्र स्पष्ट सांगतो. आरतीला बोलावू नका. धर्म पाळणारा ज्यू माणूस मूर्तीसमोर उभा राहू शकत नाही आणि नैवेद्याचा प्रसाद खाऊ शकत नाही. दहा आज्ञांमधलीच ती बंदी आहे. तुमचा अपमान करण्याचा त्यात लवलेश नाही, पण तुम्ही आग्रह केलात तर त्यांच्यावर नकार देण्याची अवघड वेळ येते. रिफॉर्म पंथातले काहीजण आनंदानं येतातही, म्हणून निमंत्रण न देता ‘आमच्याकडे उत्सव आहे, तुमच्या परंपरेत यायला चालतं का?’ एवढंच विचारा. २०२६ ची तारीखवारी तर विशेष जपायची आहे. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नववर्ष, ११ च्या सूर्यास्तापासून १३ च्या रात्रीपर्यंत, आणि योम किप्पूर २० च्या सूर्यास्तापासून २१ च्या रात्रीपर्यंत. मधल्या रविवारी, म्हणजे २० तारखेला, मंडळाचा ‘सर्वधर्मीय शेजारी मेळावा’ ठेवलात तर २५ तासांच्या उपासाआधीची त्यांची शेवटची दुपार तुम्ही मागितलीत असं होईल. २५ ला अनंत चतुर्दशी, आणि त्याच संध्याकाळी सुक्कोत सुरू होतं. अंगणात मांडव घालून आठवडाभर पाहुण्यांना त्यात जेवू घालतात. त्यांनी बोलावलं तर विसर्जनाची दमणूक बाजूला ठेवून पुढच्या दोन-तीन दिवसांत जरूर जा.

सिनेगॉगला मदत म्हणजे आजच्या अमेरिकेत प्रामुख्यानं सुरक्षेला मदत. पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफमध्ये २७ ऑक्टोबर २०१८ ला ११ जण मारले गेले. तुमच्या जवळच्या कॉलीव्हिलमध्ये १५ जानेवारी २०२२ ला रब्बी आणि तीन भाविकांना ओलीस धरलं गेलं. तो हल्लेखोर गरजू पाहुणा म्हणून आला होता आणि रब्बींनी त्याला चहा करून दिला होता. शेवटी रब्बींनी त्याच्यावर खुर्ची फेकली आणि उरलेले बाहेर पळाले. हे जमलं, कारण त्यांनी आधी प्रशिक्षण घेतलं होतं. म्हणून तुम्ही भेट द्यायला जाल तेव्हा आधी ईमेल करा, ओळखपत्र न्या, मोठी बॅग नेऊ नका, शनिवारी फोन बंद ठेवा आणि फोटो काढू नका. दारावर चौकशी झाली तर वाईट वाटून घेऊ नका.

इथे तुमच्या भाच्याला खरं काम आहे. फेमाचा, म्हणजे केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेचा, एक निधी आहे, ना-नफा संस्थांच्या सुरक्षेसाठीचा. कॅमेरे, पक्के दरवाजे, काचांवरची फिल्म, गाड्या अडवणारे खांब, करारावरचे रक्षक, प्रशिक्षण, हे सगळं त्यात बसतं. २०२४ च्या फेरीत एका जागेसाठी २ लाख डॉलरपर्यंत मागता येत होतं. अर्ज फेमाकडे थेट जात नाही, राज्याच्या यंत्रणेमार्फत जातो. टेक्सासमध्ये ते काम गव्हर्नरच्या कार्यालयाकडे आहे. लहान सिनेगॉग इथे तीन ठिकाणी अडखळतात. पहिलं म्हणजे अर्जाची मुदत थोड्याच आठवड्यांची असते, आणि ती सुरू झाल्यावर धोक्याचं मूल्यमापन करायला बसलं की वेळ संपतो. ते मूल्यमापन आणि सरकारी ओळख क्रमांक आधीच हातात हवा. दुसरं, मागितलेली प्रत्येक वस्तू मूल्यमापनातल्या कुठल्या उणिवेवर उपाय आहे हे दिसलं नाही तर गुण जातात. ‘पश्चिमेच्या दाराला आतून कडी नाही’ असं लिहिलेलं असेल तरच पश्चिमेच्या दाराचे पैसे. तिसरं सर्वात जाचक. पैसा आधी खर्च करायचा, परतावा नंतर. आणि इमारतीत बदल करायचे असतील तर पर्यावरण व वारसा तपासणी मंजूर होण्याआधी एक भोक पाडलं तरी तो खर्च नामंजूर होतो. तांत्रिक नकाशे काढणारा, कोटेशनं गोळा करणारा, मजकूर नीट लिहून देणारा माणूस अशा ठिकाणी फार मोलाचा असतो, आणि पगार न घेता केलेल्या अशा स्वयंसेवेला सहसा व्हिसाची आडकाठी येत नाही. तुमच्या मंदिरालाही हाच निधी खुला आहे. दोन्ही संस्थांनी एकत्र बसून अर्ज केले तर दोघांचंही काम हलकं होतं.

मुलीच्या मैत्रिणीबद्दल. सरकारी विद्यापीठात इस्रायल सरकारविरुद्ध घोषणा देणं, पत्रकं वाटणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे, आणि भाषणस्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्या कंझर्व्हेटिव्ह माणसानं तो सोयीनुसार विसरू नये. पण ज्यू विद्यार्थिनीला ग्रंथालयात जाऊ न देणं, तिच्या दारावर स्वस्तिक काढणं (आपलं नव्हे, नाझींचं, ती खूण पाहिल्यावर त्या मुलीच्या घरच्यांना काय आठवतं ते लक्षात ठेवून आपल्या स्वस्तिकाची बाजू त्या क्षणी मांडू नका), अभ्यासगटातून ‘झायोनिस्ट’ (ज्यू राष्ट्राची समर्थक) म्हणून हाकलणं, हे वेगळं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा सहावा भाग समान वंशपरंपरेच्या आधारावर होणाऱ्या छळापासून संरक्षण देतो. ज्यूंना देतो, तसंच हिंदू आणि शीख विद्यार्थ्यांनाही.

रीत अशी. त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, साक्षीदार लिहून ठेवायचे. स्क्रीनशॉट घ्यायचा तो पूर्ण पत्ता आणि वेळ दिसेल असा. मग विद्यापीठाच्या नागरी हक्क कार्यालयाला लेखी कळवायचं, तोंडी नाही, कारण पुढे ‘विद्यापीठाला माहीत होतं’ हे सिद्ध करावं लागतं. विद्यापीठानं काही केलं नाही तर शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार जाते, घटनेपासून १८० दिवसांच्या आत. तक्रार पीडितेनंच करावी असं नाही, दुसरं कुणीही करू शकतं, पण मैत्रिणीची संमती घेतल्याशिवाय तुमच्या मुलीनं ती करू नये. उशीर होईल याची तयारी ठेवा. २०२५ मध्ये त्या कार्यालयाच्या १२ पैकी ७ प्रादेशिक शाखा बंद झाल्या. दरम्यान कॉलेजजवळच्या हिलेल किंवा खबाद या ज्यू केंद्रात शुक्रवारच्या जेवणाला मैत्रिणीसोबत जायला तुमच्या मुलीला सांगा, आधी विचारून. एकटी पडलेली मुलगी तक्रारीच्या निकालापर्यंत टिकायची असेल तर तिच्या शेजारी कुणी बसलेलं असावं लागतं.

आता २,००० डॉलर. आमचा कल असा: १,००० मागेन डेव्हिड अडोमच्या अमेरिकन मित्रसंस्थेला, ७०० तुमच्या शेजाऱ्यांच्या सिनेगॉगच्या सुरक्षा निधीला, आणि ३०० राजकीय कामाला. मागेन डेव्हिड अडोम ही १९३० पासूनची इस्रायलची अँब्युलन्स आणि रक्तपेढी सेवा. तिच्या अँब्युलन्स मोठ्या प्रमाणावर परदेशातल्या दात्यांच्या पैशातून येतात, आणि रामला इथे तिचं भूमिगत रक्तकेंद्र आहे, जे क्षेपणास्त्रं पडत असतानाही चालू राहतं. ज्यू, अरब, परदेशी कामगार, ज्याला लागेल त्याला रक्त मिळतं. तुमच्या मित्रांपैकी कुणीही या देणगीवर वाद घालू शकणार नाही.

इस्रायलमधल्या संस्थेच्या खात्यात थेट पैसे पाठवले तर, इस्रायलमध्ये उत्पन्न नसलेल्या माणसाला, करसवलत मिळत नाही. म्हणून अमेरिकेत नोंदलेली मित्रसंस्था हवी. करखात्याच्या संकेतस्थळावर संस्थेचा नंबर तपासा, तिचा वार्षिक ९९० फॉर्म उघडा, खर्चाच्या पानावर प्रत्यक्ष कामाला किती आणि निधी गोळा करायला किती गेलं ते पाहा. सिनेगॉग त्या यादीत दिसलं नाही तर घाबरू नका. प्रार्थनास्थळांना तो फॉर्म भरावाच लागत नाही. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीला लेखी पोच घ्या, आणि तिच्यात ‘बदल्यात काही दिलं नाही’ हे वाक्य आहे का बघा. भोजनसमारंभाचं तिकीट असेल तर जेवणाची किंमत वजा होते. २०२६ पासून प्रमाणित वजावट घेणाऱ्या पती-पत्नीलाही एकत्रित विवरणपत्रात २,००० डॉलरपर्यंतच्या रोख देणग्यांची वजावट मिळू लागली आहे, म्हणजे तुमचे धर्मादाय १,७०० त्यात बसतात. राजकीय ३०० मात्र त्यात धरायचे नाहीत. कंपनी देणगीइतकीच रक्कम घालते का हे मनुष्यबळ विभागाला विचारा, कारण बरेच लोक हे विसरतात.

राजकीय ३०० कुठे? एआयपॅक ही इस्रायलसमर्थक संघटना दोन्ही पक्षांबरोबर काम करते, म्हणून तुमचे काही मित्र नाक मुरडतील. आम्हाला तोच तिचा गुण वाटतो. एकाच पक्षाच्या खांद्यावर असलेली मैत्री तो पक्ष हरला की रस्त्यावर येते. रिपब्लिकन ज्यूइश कोअलिशन १९८५ पासून तुमच्या पक्षाच्या आत काम करते. पास्टर जॉन हेगी यांनी २००६ मध्ये सॅन अँटोनियोत उभी केलेली ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्रायल तुमच्या राज्यात जोमदार आहे, पण तिचा पाया बायबलच्या श्रद्धेवर आहे. हिंदू म्हणून तुम्हाला तिथे परकं वाटेल का, हे एका कार्यक्रमाला जाऊन ठरवा.

इस्रायल बाँड १९५१ पासून विकले जातात आणि ते कर्ज आहे, दान नव्हे. मुदतीआधी मोडणं जवळजवळ अशक्य, बाजारात विकता येत नाहीत, व्याजावर केंद्रीय कर लागतो, आणि २०२४ मध्ये मोठ्या पतमानांकन संस्थांनी इस्रायलचं मानांकन खाली आणलं. निवृत्तीच्या पैशातला मोठा हिस्सा त्यात घालू नका. आणि सैनिकांसाठी म्हणून बॅलिस्टिक प्लेट्स, हेल्मेट, नाइट व्हिजन खोक्यात भरून पाठवण्याच्या मोहिमेत तर अजिबात पडू नका. या वस्तूंना अमेरिकन निर्यात नियंत्रण कायद्याचा परवाना लागू शकतो आणि हेतू चांगला असल्यानं सुटका होत नाही.

मित्रांचा प्रश्न. तो प्रश्न विचारणं चूक नाही, आणि विचारणाऱ्याला लगेच ज्यूद्वेष्टा म्हणू नका. आकडे सांगा. २०१६ च्या करारानुसार २०१९ ते २०२८ या दहा आर्थिक वर्षांत ३८ अब्ज डॉलर, त्यातले ३३ अब्ज लष्करी खरेदीसाठी आणि ५ अब्ज क्षेपणास्त्र संरक्षणासाठी. खरेदीच्या पैशातला इस्रायलमध्येच खर्च करता येणारा हिस्सा दरवर्षी घटत २०२८ मध्ये शून्यावर येतो, म्हणजे तो पैसा अमेरिकन कारखान्यांतच परततो. आयर्न डोम या इस्रायलच्या रॉकेटरोधक यंत्रणेची क्षेपणास्त्रं बनवण्यासाठी आर्कान्सामधल्या कॅम्डेनला रेथिऑन आणि राफाएल यांनी मिळून कारखाना काढला आहे. आणि नेतान्याहूंनी स्वतः जानेवारी २०२६ मध्ये, ही मदत पुढच्या दहा वर्षांत शून्यावर आणायची इच्छा बोलून दाखवली. मग वाद मदतीपेक्षा मैत्रीचा उरतो, आणि तिथे कंझर्व्हेटिव्ह माणसाकडे भरपूर आहे. निक्सननं ऑक्टोबर १९७३ च्या युद्धात इस्रायलला शस्त्रं पोचवायला धाडलेली विमानं, रेगनच्या काळातला १९८५ चा मुक्त व्यापार करार (अमेरिकेचा असा पहिलाच), २०१८ मध्ये जेरुसलेमला गेलेला दूतावास, इस्रायल आणि अरब देशांमधले २०२० चे अब्राहम करार.

गाझाचा विषय निघेल. तिथल्या सामान्य माणसांचे हाल खरे आहेत, ते नाकारू नका. मेलेल्या मुलाच्या फोटोला ‘खोटा’ म्हणणाऱ्यावर त्यानंतर कुणी विश्वास ठेवत नाही. ७ ऑक्टोबरला सुमारे १,२०० जणांना मारून आणि २५१ जणांना ओढून नेऊन हमासनं हे युद्ध सुरू केलं, आणि शेवटचे जिवंत ओलीस १३ ऑक्टोबर २०२५ ला, दोन वर्षांनी सुटले, हे तितक्याच शांतपणे सांगा. आणि भारतातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटातले मेसेज इथे आणू नका. सीरियातले जुने व्हिडिओ गाझाचे म्हणून फिरतात, मुसलमानांबद्दलची सरसकट शिवीगाळ इस्रायलच्या नावावर खपते. तुमच्या ज्यू शेजाऱ्याला तसल्या पाठिंब्याचा उपयोग नाही, आणि बहुतेकदा त्याची किळसच येते.

जिथे कडक व्हायचं ती जागा वेगळी. ‘मदत का?’ वरून गाडी ‘सरकार ज्यूच चालवतात’, ‘बँका त्यांच्याच’ या रुळावर गेली की तिथेच थांबवा, मित्र कितीही जुना असो. हल्ली हे उजव्या बाजूच्या लोकप्रिय कार्यक्रमांतही ऐकू येतं. कंझर्व्हेटिव्ह संपादक विल्यम बकली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ज्यूद्वेषाकडे झुकलेल्या ‘अमेरिकन मर्क्युरी’ या मासिकाच्या लेखकांना आपल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ नियतकालिकाचे दरवाजे बंद केले, तेव्हा त्यांचे काही वाचक त्याच वर्तुळातले होते. डावीकडच्या ज्यूद्वेषावर बोलणं तुम्हाला सोपं आहे, कारण तिथे तुमचं काही पणाला लागत नाही. तुमचा शब्द तुमच्या स्वतःच्या पक्षातल्या जेवणाच्या टेबलावर मोजला जातो.

राहिला लोकप्रतिनिधी. २०१६ चा करार हा कायदा नाही, काँग्रेसला दरवर्षी पैसा मंजूर करावा लागतो, आणि विधेयक सभागृहात येतं तोपर्यंत आकडे ठरून गेलेले असतात. सदस्य आपल्या मागण्या समितीकडे साधारण वसंत ऋतूत देतात, म्हणून तुमचं पत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये पोचायला हवं. टपालानं नको, सुरक्षा तपासणीत ते आठवडे-आठवडे अडकतं. संकेतस्थळावरचा फॉर्म भरा, झिप कोड घाला, नाहीतर मतदारसंघाबाहेरचं समजून बाजूला पडतं. एका पत्रात एकच मागणी, एकच विधेयक, त्याचा क्रमांक, आणि शेवटी ‘यावर आपली भूमिका लेखी कळवावी’. नंतर २०२-२२४-३१२१ या कॅपिटॉलच्या नंबरावरून कार्यालय मागा आणि परराष्ट्र धोरण पाहणाऱ्या सहाय्यकाचं नाव विचारून घ्या. ऑगस्टमध्ये सदस्य मतदारसंघात असतात, तेव्हा स्थानिक कार्यालयात १५ मिनिटं मागा. शेजारी, सिनेगॉगचे सुरक्षाप्रमुख आणि मंदिराचे विश्वस्त बरोबर न्या, एक पान कागद न्या, आणि फेमाच्या त्या निधीची मागणी सगळ्यात आधी ठेवा. छापील उत्तर येईल. तीन आठवड्यांनी त्याच सहाय्यकाला पुन्हा फोन करा.